पेन्सिलीनं भरलेले गाल

आज सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि दाराबाहेर पाऊल टाकताक्षणी चष्मा पांढरा झाला. घरात एसीचा गारठा आणि बाहेर समुद्रावरून आलेली दमट हवा, काचेवर वाफ धरणारच. सदऱ्याच्या टोकानं पुसला, घातला, पुन्हा पांढरा. फूटपाथवर तसाच उभा राहिलो. दुकानातला मलबारी पोरगा हसत म्हणाला, "क्या चाचा, रास्ता नहीं दिखता?" दूध घेऊन वर आलो तर मंगलनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. म्हणाली, "आली वाटतं तुमची दमट."

'तुमची' म्हणाली. दोह्यातल्या अल सद्दच्या या फ्लॅटमध्ये ती राहायला आली त्याला पाच-सहा वर्षं झाली. तिला इथला उन्हाळा चांगला ठाऊक आहे, पण ऑगस्टमधले हे चार-सहा आठवडे तिनं माझ्या नावावर करून टाकलेत. या दिवसांत मी जेवताना बोलत नाही, पेपर उलटा धरून बसतो, लेकीवर उगाच खेकसतो. लेक इंग्रजी शाळेतली. ती म्हणते, "बाबा, व्हाय आर यू सो मूडी?" काय सांगणार कप्पाळ! दमट हवा आली की मला एक माणूस आठवतो, एवढं साधं आहे ते. पण साध्या गोष्टी पोरांना सांगायलाच जास्त अवघड असतात.

मी फोटोग्राफर. कोल्हापुरात एका जुन्या स्टुडिओत हात बसला आणि सत्तरीचं दशक अर्धं सरल्यावर दोह्याला आलो. जुन्या बाजाराच्या मागे फरीज होते, म्हणजे जुने मोहल्ले. समुद्रातले दगड आणि चिखल यांच्या भिंती, आत चौक, बाहेर खिडकी नाही. दोन घरांच्या मध्ये एवढी चिंचोळी गल्ली की समोरून सायकल आली तर आपण भिंतीला पाठ लावायची. मूळची अरब कुटुंबं तोवर सरकारनं दिलेल्या नव्या घरांत निघून गेली होती आणि त्या घरांत आमच्यासारखे भरले होते. एका खोलीत दहा, बारा, कुठं चौदा. सातारचे, सांगलीचे, केरळातले, पठाण, बलुची. ज्या चौकात एकेकाळी खजूर वाळत घालत असतील, तिथं दोरीवर चौदा जणांच्या लुंग्या वाळायच्या. त्या गल्लीच्या तोंडाशी आमचं दोन खोल्यांचं दुकान होतं. नाव अरबाचं, हात माझे.

फोटो मात्र मी दुकानात कमी आणि गल्लीतच जास्त काढले. दुकानातले दिवे लावले की माणूस भाजून निघायचा, आणि गल्लीतला उजेड असा की मला कोल्हापुरातही तसा मिळाला नव्हता. दोन्ही भिंती उंच, ऊन खाली पोचतच नाही. वरच्या पट्टीएवढ्या आभाळातून जेवढं येईल तेवढं समोरच्या पांढुरक्या भिंतीवर आपटून हलकं होऊन खाली उतरतं. सकाळी आठ ते दहा. त्यात एकच खोड होती. उजेड वरून येत असल्यामुळं डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडायच्या आणि गालांखाली सावली धरायची. त्यावर माझा उपाय म्हणजे एक पांढरी चादर. रांगेतल्या पुढच्या माणसानं बसलेल्याच्या मांडीवर ती ताणून धरायची म्हणजे खालून उजेड तोंडावर येतो. "अरे नीट धर की लेका, तुझा नंबर आला की तुझ्या वेळेला मी मागच्याला सांगेन हलवायला," असा माझा दर शुक्रवारी आरडाओरडा.

शुक्रवार सुट्टीचा. अंघोळी करून, डोक्याला तेल थापून, गडी सकाळपासून भिंतीला टेकून उभे. दुकानात एकच काळा कोट होता, तो सगळ्यांना व्हायचा. बारक्याला मोठा झाला तर मी पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचो, जाड्याला झाला नाही तर पाठीत उसवलेलाच होता. टायला इलॅस्टिक. मनगटी घड्याळही माझंच, फक्त काटे थांबलेले. आता ऑगस्टमध्ये, असल्या हवेत, कोट! कोट चढवला की मिनिटाभरात माणूस आतून भिजायचा. तोंड पुसायचं, श्वास रोखायचा, खटॅक, आणि कोट पुढच्याच्या अंगात. फोटोत मात्र दिसायचा तो कुठल्या तरी थंड हापिसात बसलेला साहेब.

आणि दमटीत कॅमेऱ्याचेही लाड करावे लागायचे. एसीतून एकदम बाहेर काढला की भिंग आंधळं होतं. म्हणून फडक्यात गुंडाळून तासभर आधी गल्लीत स्टुलावर ठेवायचा. शेजारच्या घरात एक म्हातारा अरब एकटाच मागं राहिला होता, लेकांनी बोलावूनही नव्या घरी गेला नव्हता. तो दारात बसून माझ्या कॅमेऱ्याची राखण करायचा. "सुहैल तारा दिखने दो," तो मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणायचा, "फिर गर्मी खलास." तारा उगवायला अजून किती दिवस, ते तो बोटांवर मोजून दाखवायचा. आम्ही सगळे त्याच्यावर विश्वास ठेवून दिवस काढायचो. दुसरं करणार काय?

आता माझ्या खऱ्या धंद्याबद्दल सांगतो. फोटो काढणं हे निम्मं काम. उरलेलं निम्मं टेबलावर व्हायचं. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून उजेड, तिच्यावर औषधाचा हात फिरवायचा म्हणजे पेन्सिल धरते, आणि मग सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं जिथं जिथं सावली पडली आहे तिथं बारीक बारीक टिंबं भरत जायचं. निगेटिव्हवर जे काळं करावं ते कागदावर उजळ होतं. डोळ्यांखालचा खड्डा भरतो, कपाळावरची आठी जाते, बसलेले गाल वर येतात. कोल्हापूरचे माझे वस्ताद यात असे तयार की देवीचे व्रण असलेली पोरगी त्यांच्या पेन्सिलीनं पहिल्या स्थळाला पसंत पडायची. ते म्हणायचे, "फोटो घराच्या भिंतीवर चढतो रे. भिंतीवर आजारी माणूस कोण लावतं का?" माझ्या हातून कधी वाईट दिसणारा फोटो बाहेर गेला नाही, याचा मला गर्व होता. होता म्हणजे, माजच होता.

जोतीराम हा सेंट्रिंगचा सुतार, खटाव तालुक्यातला. हातापायानं दणकट, बोलायला मोकळा. पहिल्यांदा आला तो हिवाळ्यात, इथं येऊन महिनाभर झाला असेल. कोट त्याला खांद्यात घट्ट झाला होता. "मास्तर, हे कापड माझ्या बैलालाबी पुरायचं न्हाई," म्हणाला आणि सगळी गल्ली हसली. फोटो झ्याक आला, पेन्सिल जवळजवळ लागलीच नाही. तो फोटो गावी गेला. गावी म्हणजे थोरल्या भावाकडे. आप्पा म्हणायचे त्यांना, प्राथमिक शाळेत मास्तर, बाप लवकर गेल्यावर त्यांनीच याला वाढवलेलं. घरात आई, आप्पांचं बिऱ्हाड, जोतीरामची बायको. पत्र आलं की आप्पा ते मोठ्यानं वाचणार आणि बाकीचे ऐकणार.

दुसऱ्यांदा आला तो जुलैच्या शेवटी. मी आधी ओळखलंच नाही. गळ्याची हाडं वर आलेली, डोळे आत, डोळ्यांतलं पांढरं पिवळट. मी म्हणालो, "काय रे, उपास धरलायस का?" तर म्हणाला, "जेवान जात न्हाई मास्तर. दोन घास खाल्लं की उमळतंय. सायटीवर उभं ऱ्हावत न्हाई." कंपनीच्या कंपाउंडरनं गोळ्या दिल्या होत्या आणि मिठाचं पाणी पी म्हणून सांगितलं होतं. मी कोट उचलला तर त्यानं हात मागे घेतला. "कोट नगं. सदऱ्यावरच काढा." मागच्यानं चादर ताणली तर म्हणाला, "तेबी नगं. जसा हाय तसा यायला पायजे. आप्पाला दावायचाय." मी म्हणालो, "गप बस रे, घरच्यांनी बघायचा असतो." पण तो हट्टाला पेटला. मागचे लोक ओरडायला लागले, "यल्ला मास्तर, चला लवकर!" मग काढला बिनचादरीचा. वरून पडलेला उजेड त्याच्या तोंडावर जे होतं ते सगळं दाखवत होता.

आपल्याला काय करायचंय ते जोतीरामनं मला पुरतं सांगितलं नाही. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे माझा गुन्हा तुमच्या नीट ध्यानात येईल. आमचे पासपोर्ट असायचे कंपनीच्या कपाटात. दोन वर्षं झाल्याशिवाय घरी सोडत नव्हते. मध्येच जायचं तर एकच वाट होती. गावाहून तार यायला हवी, आई अत्यवस्थ, ताबडतोब या. तार दाखवली की साहेब कपाट उघडायचा. सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबालाही ठाऊक होतं की निम्म्या तारा खोट्या असतात, पण कागद लागतो. जोतीरामनं आप्पांना दोनदा लिहिलं होतं, तार करा, मला इथं बरं नाही. आप्पांना वाटलं, नवं पोरगं, घरची ओढ लागली. म्हणून त्यानं ठरवलं, आता नुसतं लिहायचं नाही, दाखवायचं. त्या फोटोवर त्याचं घरी जाणं होतं. जगणंच होतं म्हणा ना.

त्याचं बिऱ्हाड शहराबाहेर कॅम्पात, शुक्रवारीच ट्रकनं यायला मिळायचं. आमच्या गल्लीतला एकजण बुधवारी मुंबईला निघणार होता. तेव्हा पत्रं अशीच हातोहात जायची. जोतीराम आप्पांच्या नावाचं पाकीट माझ्याकडे देऊन गेला. "फोटो झाला की यात घाला, चिकटवा, आन त्याच्याकडं द्या." आतलं पत्र उघडंच होतं. मी वाचलं नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, एवढी माझी सभ्यता! तेव्हा वाचलं असतं तर बरं झालं असतं.

मंगळवारी त्याची निगेटिव्ह काचेवर ठेवली. पेन्सिल लावायची नाही, असं मनाशी ठरवलेलं होतं, खरंच. पण खालून उजेड आला आणि ते तोंड समोर उभं राहिलं. वाटलं, हे असलं तोंड बघून त्याची आई अन्न सोडेल. बायको रडून रडून अर्धी होईल. म्हटलं, एवढं डोळ्यांखालचं जरासं भरू. ते भरलं तर गाल जास्तच बसलेले दिसायला लागले. एक गाल भरला की दुसरा भरावाच लागतो, नाहीतर तोंड वाकडं होतं. मग मी काय केलं, तर हिवाळ्यातली त्याची जुनी निगेटिव्ह शोधून काढली, शेजारी ठेवली आणि तिच्याबरहुकूम सगळं उभं केलं. गाल, गळा, डोळ्यांची खोबण. दोन तास लागले. काम इतकं सफाईदार झालं की मीच मान वाकडी करून बघत बसलो. वस्ताद असते तर पाठ थोपटली असती, हेही मनात येऊन गेलं. बुधवारी पाकीट गेलं.

जोतीराम आला तो ऑगस्टच्या शेवटच्या दिवसांत, चष्म्यावर वाफ धरणाऱ्या अशाच एका सकाळी. रांगेत उभा राहिला नाही. सरळ दुकानात येऊन खुर्चीवर बसला, धापा टाकत होता. खिशातून पत्र काढून माझ्यापुढं धरलं. आप्पांचं मोत्यासारखं अक्षर.

"चिरंजीव जोतीराम यास अनेक आशीर्वाद. तुझे पत्र व फोटो पावला. तू लिहितोस की अंगात त्राण नाही. फोटोत तर तू मागील खेपेइतकाच तजेलदार दिसतोस. घरात आम्ही सगळे हसलो. परदेशी पहिल्या वर्षी मन रमत नाही हे मी जाणतो, परंतु मर्दाने धीर धरावा. आई सुखरूप आहे. तिच्या जिवंतपणी ती अत्यवस्थ असल्याची खोटी तार माझ्या हातून होणार नाही. मी उभ्या जन्मात खोटे लिहिलेले नाही."

मी वाचत होतो आणि तो माझ्याकडं बघत होता. मग त्यानं विचारलं, "मास्तर, कुठला फोटू धाडला वो?" आवाजात राग नव्हता, खरंच माहीत करून घ्यायचं होतं त्याला. माझ्याकडे एक जास्तीची प्रिंट होती. ती दिली. त्यानं ती खूप वेळ धरली. मग म्हणाला, "लई झ्याक दिसतूय की. माझ्या लग्नातबी मी असा दिसत नव्हतो." आणि हसला. देवाशपथ सांगतो, हसला. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर आज मी दमट आली म्हणून तोंड लपवत हिंडलो नसतो.

मी हातापाया पडलो. म्हणालो, "जोतीराम, चुकलं माझं. आत्ता, तुझ्यासमोर पुसतो." स्पिरिटच्या बोळ्यानं निगेटिव्हवरची सगळी पेन्सिल पुसली. दोन तासांचं काम दोन मिनिटांत गेलं. प्रिंट काढून ओली ओली त्याच्या हातात दिली. या खेपेला तो हसला नाही. नुसता मान हलवत राहिला. "हां. ह्यो मी." रजिस्टरनं धाडू म्हणालो, तर म्हणाला, "निस्ता फोटू नगं. संगं चार अक्षरं लिवतो. आप्पाला राग येऊ ने असं लिवाय पायजे. फुडच्या शुकरवारी घिऊन येतो." मी त्याला सरकारी दवाखान्यात चल म्हणालो, तर ट्रक निघायची वेळ झाली होती. त्याला उठायला हात दिला तेव्हा हाताला हाडंच लागली.

पुढच्या शुक्रवारी तो आला नाही. त्याच्या ट्रकमधला एकजण आला, टोपी हातात घेऊन. "मास्तर, जोतीराम गेला. मंगळवारी दुपारी, फळ्या उचलताना बसला तो उठलाच न्हाई." कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं होतं. हृदय बंद पडल्याशिवाय कुणाला मरण येतं का? पेटी गावाला पोचायला तीन आठवडे लागले. सीलबंद. उघडू नये अशी वर सूचना. जोतीराम गेला त्याच आठवड्यात म्हाताऱ्या अरबानं मला हात धरून गल्लीच्या तोंडाशी नेलं आणि पहाटेच्या आभाळात खाली दक्षिणेला तो तारा दाखवला. फार आनंदात होता बिचारा. मला नुसता एक ठिपका दिसला.

ती खरी प्रिंट माझ्याकडेच राहिली. पाठवावी का? पाठवून काय होणार होतं? तार करायची वेळ गेली होती. मी मनाची अशी समजूत घातली की आता ती पाठवणं म्हणजे मेलेल्याच्या घरच्यांना छळणं. खरं कारण वेगळं होतं. मी भ्यालो होतो. फोटोखाली माझ्या दुकानाचा शिक्का होता.

धंदा सोडला नाही. कुठं जाणार? पण त्यानंतर पेन्सिल हातात धरली की बोटं आखडायची. हळूहळू रंगीत फिल्म आली, निगेटिव्ह बारकी झाली, तिच्यावर पेन्सिल चालेना, आणि मी सुटलो. मागून त्या गल्ल्याही गेल्या. बुलडोझर आले, आठवड्याभरात भिंती आडव्या. समुद्रातले दगड ट्रकांत भरून नेले, त्यांत शिंपले चिकटलेले दिसायचे. म्हातारा तोवर वारला होता. जिथं मी स्टूल ठेवायचो तिथं आता गाड्या उभ्या राहतात. मोकळं ऊन पडतं. तिथं आता कुणाचा फोटो चांगला यायचा नाही.

मंगल इथं आल्यावर पहिल्याच ऑगस्टात तिनं माझ्याकडून हे सगळं काढून घेतलं. मग दरवर्षी एकच धोशा. "एकदा जाऊन या त्यांच्या घरी. किती वर्षं अशी मान खाली घालून बसणार? ते लोक वाघ आहेत का तुम्हाला खायला?" शेवटी तीन वर्षांपूर्वी सुट्टीवर गेलो तेव्हा कोल्हापूरहून एसटीनं निघालो. पिशवीत ती प्रिंट, गळ्यात कॅमेरा. कॅमेरा कशाला घेतला होता कोण जाणे. नुसत्या हातानं कुठं जायची सवय नाही.

पत्र्याचं घर, दारात शेळी. आप्पा ओसरीवर बसलेले, नोकरीतून निवृत्त, डोळ्यांना जाड भिंगं. दोह्याहून आलोय, जोतीरामचे फोटो मीच काढले होते म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. आई मागच्याच वर्षी गेल्या होत्या. भिंतीवर फोटो होता. तालुक्यातल्या कुणीतरी तो मोठा करून दिलेला, वर चंदनाचा हार. माझीच टिंबं, एवढी मोठी झालेली. मला सगळी ओळखू येत होती.

आप्पा म्हणाले, "बघा हो, काय तब्येत होती! असा माणूस उभ्या उभ्या गेला. पत्रात लिहायचा बरं नाही म्हणून, पण ते आपलं पोरकट. मी सांगितलं, खोटी तार करणार नाही. आईची शपथ घालून सांगतो, मला त्याचं वाईट वाटत नाही. आजारी असता आणि मी केली नसती, तर मी पापी. पण फोटो होता ना समोर." शब्द पाठ झाल्यासारखे येत होते. दिवसातून किती वेळा स्वतःला सांगत असतील कोण जाणे.

जोतीरामची बायको सुलाबाई चहा घेऊन आली. चाळिशीच्या आतली, केस पार पांढरे. रिकामा कप ठेवायला म्हणून मी मागे परसात गेलो आणि चुलीपाशी उभा राहून सगळं सांगून टाकलं. पेन्सिल, जुनी निगेटिव्ह, सगळं. पिशवीतून प्रिंट काढून तिच्या हातात दिली. तिनं हात पदराला पुसले, मग ती धरली. शेळी ओरडत होती.

"म्हंजी ते खरं लिवत हुते," ती म्हणाली.

"हो वहिनी."

"मी बी हसले हुते वो भाऊ, तवा. समद्यांसंगं."

मला वाटलं, आता रडेल, शिव्या देईल. त्यासाठीच तर गेलो होतो. तिनं प्रिंट एकदा डोळ्यांजवळ नेली, त्यावरून अंगठा फिरवला, आणि माझ्या हातात परत दिली. "न्हेवा ही. आप्पांस्नी दावू नगा. ते पत्र त्यांनीच लिवलंय. आता त्यांचं वय न्हाई हे सोसायचं. मी सोसंन."

मी काय केलं ते मला तेव्हा उमगलं. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवायला गेलो आणि निम्मं त्या बाईच्या डोक्यावर ठेवून आलो. तिला निदान आपला नवरा धडधाकट होता एवढं तरी समाधान होतं. तेही मी काढून घेतलं. खरं सांगण्याचीही एक वेळ असते, आणि माझी वेळ काचेवर निगेटिव्ह ठेवली त्या मंगळवारची होती.

निघताना आप्पांची नजर माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्यावर गेली. म्हणाले, "मास्तर, माझाही एक काढा की. तुमचा हात चांगला आहे. याच्या शेजारी लावायला होईल, आता माझे तरी किती दिवस राहिले?" त्यांनी टोपी नीट केली, भिंतीला टेकून ताठ बसले. दुपारचं ऊन पत्र्यावरून उतरून त्यांच्या तोंडावर पडलं होतं आणि म्हातारपणाची एकूण एक रेघ दिसत होती.

सुलाबाई दारात आली. आप्पांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हलक्या आवाजात म्हणाली, "भाऊ, आप्पांचा जरा चांगला येऊ द्या."

मी हो म्हणालो.